मिशीपर्यंतचा किस्सा

माझ्या बाबांनी मिशी काढली तो किस्सा मस्कतमधल्या बहुतेक सगळ्या मराठी घरांत माझा सांगून झाला आहे. कोजागिरीला सांगितला, बारशांना सांगितला, एकदा तर सत्यनारायणाच्या आरतीआधी भटजी गाडी लावायला जागा शोधत होते तेवढ्या वेळात सांगितला. मी तो उभी राहून सांगते, बाबांचा आवाज काढते, माझा पंधरा वर्षांचा चिरका आवाज काढते, हातांनी स्टिअरिंग फिरवते. लोक हसून हसून सोफ्यावर आडवे होतात. मी बरोबर मिशीपाशी थांबते आणि पाणी मागते. कुणीतरी विचारतंच, "मग पुढे काय झालं?" मी म्हणते, "पुढे काय व्हायचंय, पेपर सोपा गेला." पुढे खरं तर बरंच आहे. ते असं, की त्या मिशीच्या आधी दहा दिवस माझे आजोबा गावी वारले होते, आणि हे आमच्या घरात, दुकानात आणि बरकाच्या मासळीबाजारात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही बरकाला राहत होतो. मस्कतच्या लोकांसाठी बरका म्हणजे मासे आणि हलवा, संपलं. आमचं घर दुकानाच्या मागे होतं आणि दुकान अर्बाबचं होतं. अर्बाब म्हणजे मालक. त्याला सालेम असं चांगलं नाव होतं, पण आईसुद्धा त्याला अर्बाबच म्हणायची, जणू बारशालाच ते ठेवलं होतं. दुकानात फ्रिजचे आणि एसीचे सुटे भाग मिळत. बाबा काउंटर सांभाळत आणि मागच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर दुरुस्त करत. त्यामुळे आमच्याकडे शांतता अशी कधी नसायचीच. एक कॉम्प्रेसर घरघरत असे, दुसरा म्हाताऱ्यासारखा खोकत असे, तिसरा आता लागतो, मग लागतो, असं करत अखेर गप्प होत असे. त्यावर मशिदीतली बांग, शेजारच्या आवारातल्या बकऱ्या आणि आईचा खलबत्ता. सुट्टीवरून परत येताना आमच्या बॅगांत कपडे कमी आणि मालवणी मसाला, कोकमं, तिरफळं जास्त असत. बाबा सकाळी किनाऱ्यावरून ताजे पेडवे आणत, आई त्यांचं तिखलं करी, आणि तो वास भिंतीवरून पलीकडे गेला की शेजारची ओमानी आजी एक वाटी घेऊन कुंपणाशी उभी राही. बदल्यात खजूर येत. कुणी कुणाची भाषा शिकलं नाही, पण वाटी कधी रिकामी परत गेली नाही.

अशा घरात मी नाटकी निघाले यात माझा काही दोष नव्हता. ऐकू जायचं तर ओरडावं लागे आणि लक्ष वेधायचं तर हातवारे करावे लागत. अर्बाबचं चालणं, शाळेतल्या बाईंचं नाक ओढणं, आईचं फोनवर "हॅलो, हॅलो" करत रडकुंडीला येणं, मी सगळ्यांच्या नकला करायची. पण हीच मुलगी परीक्षेचा कागद समोर आला की संपायची. दहावीच्या पूर्वपरीक्षेत गणिताचा पेपर हातात घेतला आणि माझ्या तळव्यांना असा काही घाम सुटला की कागदावर बोटं उमटली. मग श्वास वरच्या वर राहू लागला. वाटलं, आता नापास होणार, आता बाबांची मान खाली जाणार, आता गावी सगळे विचारणार, आता माझं काहीच होणार नाही. हे सगळं पहिला प्रश्न वाचायच्या आत. मी उठले, बाहेर जाऊन ओकले आणि परत आलेच नाही. बाईंनी बाबांना बोलावून सांगितलं की बोर्डाच्या परीक्षेत असं झालं तर मुलीचं वर्ष जाईल. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता, शुभदा पेपरला बसून राहील की नाही. मार्कांचं कुणी बोलतच नव्हतं.

आईने उपाय म्हणून दृष्ट काढली, बदाम भिजवले, ब्राह्मीच्या तेलाने माझं डोकं इतकं चोपडलं की उशी काढून टाकावी लागली. बाबांनी काहीच केलं नाही. फक्त बोर्डाच्या पहिल्या पेपराच्या सकाळी मला दुकानाच्या पिकअपमध्ये बसवलं. परीक्षेचं केंद्र वादी कबीरच्या मोठ्या शाळेत आलं होतं, म्हणजे आमच्यापासून चांगलं तासाभराच्या अंतरावर. बरकाचं राउंडअबाउट ओलांडलं आणि माझा श्वास वर चढू लागला. बाबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "काय दिसतंय गो?"

"बाबा, मला मळमळतंय."

"ते दिसत नाही. दिसतंय काय?"

मी चिडून म्हटलं, "रस्ता दिसतोय."

"कसा?"

"काळा."

"सगळा?"

सगळा नव्हता. कडेला वाळू येऊन बसली होती आणि तिच्यावर टायरची नक्षी होती. मी ते सांगितलं. बाबा म्हणाले, "पुढे." मी पुढे सांगितलं. मजुरांची बस, खिडक्यांच्या गजांना वाळत घातलेले टॉवेल. पिकअपमध्ये मागे तोंड करून बसलेला उंट, खालचा ओठ लोंबतोय. इथे मी भर घातली की उंट शाळा तपासायला निघालेल्या साहेबासारखा दिसतो आणि त्याला पगारवाढ मिळालेली नाही. बाबांनी लगेच अडवलं. "मसाला नको. आहे ते सांग. होईल ते नको, असेल ते नको. आहे ते."

हा एवढाच नियम. ऐकू येतं तेही सांगायचं, वास येतो तोही सांगायचा, हाताखाली सीट कशी लागते तेही. मला मसाल्याशिवाय बोलायची सवय नव्हती, त्यामुळे फार कष्ट पडत. पण नुसता उंट सांगायचा म्हणजे उंटाकडे नीट बघावं लागतं, आणि उंटाकडे नीट बघत असताना नापास होता येत नाही. हे वाक्य मी आज बनवते आहे. तेव्हा एवढंच कळलं की सीबच्या पुढे गेलो तेव्हा माझे हात कोरडे होते.

हल्ली माझ्या मुलीच्या फोनमध्ये एक बाई आहे. ती मधाळ आवाजात सांगते, आजूबाजूच्या वस्तू पाहा, त्यांची नावं घ्या, खोल श्वास घ्या. मुलगी त्याचे महिन्याला पैसे भरते. मी तिला म्हटलं, तुझ्या पणजोबांनी हे एसटीत फुकट वाटलं. ती म्हणाली, "मम्मा, प्लीज, मी रिलॅक्स होतेय."

शाळेच्या फाटकापाशी बाबांनी आणखी एक गोष्ट केली. माझा वर्ग कुठल्या बाजूला आला ते शिपायाला विचारलं आणि पिकअप अशी लावली की तिचं नाक मला खिडकीतून दिसेल. म्हणाले, "मी इथे आहे. पेपर संपेपर्यंत हलत नाही. आत काही वाटलं तर गाडी बघायची. गाडी काय करते आहे?"

"उभी आहे."

"बस. तेवढंच."

तो इंग्रजीचा पेपर मी पूर्ण तीन तास बसून लिहिला. मधे दोनदा श्वास चढला, दोनदा गाडीकडे बघितलं. पांढरी, डावा दिवा तडकलेला, वायपरवर धूळ. बाहेर आले तेव्हा बाबा काचेला टेकून घोरत होते. घरी आईने सुरमई तळली. अर्बाबला कुणी सांगितलं देव जाणे, पण त्याने समोरच्या किराणावाल्याकडून पेप्सीचा अख्खा क्रेट पाठवला.

दुसऱ्या दिवशी गावाहून फोन आला तो दुकानात आला. हे सगळं मला आईने पुढे सांगितलं, म्हणून मी बघितल्यासारखं सांगते, नाहीतर त्या वेळी मी मागच्या खोलीत इतिहास पाठ करत होते आणि मधल्या दाराला कडी होती. काकाचा फोन. आबा, म्हणजे माझे आजोबा, सकाळी चहा पिताना गेले. बाबा काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. अर्बाबने त्यांच्या हातातून फोन घेतला, ठेवला, आणि त्याच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम जाओ. टिकट मैं करता है. शाम का फ्लाइट." बाबा म्हणाले, मुलीची परीक्षा आहे. अर्बाब म्हणाला, "बच्ची को मैं लेके जाता है. मैं उधर बैठता है, गेट पे." तो खरंच बसला असता, पायघोळ पांढरा डिशडाशा नीट सावरून, जपमाळ घेऊन, तीन तास. बाबांनी विचार केला. मग आईला बोलावून म्हणाले, "तिला सांगितलं तर ती बसणार नाही. नाही सांगितलं आणि मी गेलो तर बाबा कुठे गेले म्हणून विचारेल. मी तिला सांगितलंय, हलत नाही म्हणून." आई म्हणाली, "ते तुमचे वडील आहेत हो." बाबा म्हणाले, "हो ना."

तेवढंच बोलणं झालं म्हणे. मग ते शेडमध्ये गेले आणि एका कॉम्प्रेसरचे सगळे स्क्रू काढून बसले.

आता माझ्या हुशारीचे किस्से ऐका. दुसऱ्या दिवसापासून घरात मासे बंद झाले. बरकात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या ताटात दुधी. मी विचारलं तर आई म्हणाली, माशाने सुस्ती येते. मला पटलं. देव्हाऱ्यातला दिवा लागेना. आई म्हणाली, वाती संपल्या. मला पटलं. पेपराला निघताना ती हातावर दही घालायची, त्यात साखर नव्हती. म्हटलं, "आई, किराणावाला समोर, आणि आपल्याकडे साखर नाही?" आई म्हणाली, "नुसतं दही जास्त चांगलं." तेही पटलं. बाबांची दाढी वाढली. मी गाडीत हिंदी सिनेमातल्या दुःखी हिरोसारखा चेहरा करून दाखवला आणि म्हटलं, बाबा, तुम्हाला कुणी सोडून गेलं का? बाबा म्हणाले, "रस्त्याकडे बघ. काय दिसतंय?" आणि मी, जिला त्या दिवसांत रस्त्यावरच्या शिंप्याच्या पाटीवरचं उडालेलं अक्षर दिसत होतं, वाळूवरचा पायांचा माग बघून बकरी की गाढव ते कळत होतं, ती मी आनंदाने रस्त्याकडे बघायची. माझ्या आईने मला माझ्या आजोबांचं सुतक पाळायला लावलं आणि मी ते अगदी यथासांग पाळलं, भुणभुण करत, दुधीला नाकं मुरडत.

सगळ्यात वाईट म्हणजे विमानतळ. बरकाहून वादी कबीरला जाताना तो वाटेतच लागतो, चुकवता येत नाही. रस्त्याच्या डोक्यावरून विमानं उतरतात. मला ती फार आवडायची, कारण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ असे. "पांढरं विमान. चाकं बाहेर. शेपटीवर लाल. सावली आपल्या आधी रस्ता ओलांडते आहे." बाबा म्हणत, "पुढे." एका सकाळी एक विमान वर चढत होतं, तेही मी सांगितलं, आणि म्हटलं, "हे इंडियाला चाललं असेल, हो ना?" बाबा म्हणाले, "असेल ते नको. आहे ते." पण आवाज नेहमीसारखा नव्हता. मी तोही टिपला. मला वाटलं सर्दी.

त्याच प्रवासात कधीतरी मी विचारलं होतं, हा खेळ तुम्हाला कुणी शिकवला. ते म्हणाले, आबांनी. आबा एसटीत कंडक्टर होते. लहानपणी बाबांना घाटात बस वळायला लागली की दरीची भीती वाटायची, ते डोळे मिटून रडायचे. आबा त्यांना आपल्या सीटजवळ उभं करून विचारायचे, वळणावर काय आहे ते सांग, मला तिकिटं फाडायची आहेत, मला दिसत नाही. झाड सांग, दगड सांग, माकडं किती ते सांग. बाबांना खरंच वाटायचं की आपण सांगितलं नाही तर आबांना कळणार नाही आणि बस चुकेल. मी म्हटलं, "या शुक्रवारी फोनवर आबांना सांगा, तुमच्या नातीने तुमच्या मुलाला हरवलं म्हणून."

बाबा म्हणाले, "सांगीन."

आता मिशी. ती साधी मिशी नव्हती. बरकात तिला वजन होतं. गिऱ्हाइकं बाबांना नावाने ओळखत नसत, बोटाने ओठावर रेघ ओढून विचारत, तो कुठे आहे. अर्बाबची धाकटी मुलं ती ओढायला काउंटरवर चढत. लग्नाच्या फोटोत ती आहे, पासपोर्टात आहे, माझ्या जन्माच्या वेळी दवाखान्यातल्या फोटोत बाबा जेमतेम आहेत पण मिशी पूर्ण आहे. गणिताच्या पेपराची सकाळ. त्याच पेपराने मला पूर्वपरीक्षेत खाल्लं होतं, त्यामुळे पहाटेपासून माझ्या न्हाणीघरात तीन फेऱ्या झाल्या होत्या. मी पिकअपमध्ये बसले, दार ओढलं, आणि शेजारी एक अनोळखी माणूस बसला होता. गुळगुळीत. वरचा ओठ असा नागडा आणि फिकट, की तो बघायला आपल्याला परवानगी नसावी असं वाटावं. मी किंचाळले. पार्ट्यांमध्ये इथे मी किंचाळते.

"बाबा, मिशी?"

"काय दिसतंय ते सांग," बाबा म्हणाले आणि गाडी सुरू केली.

मग काय, मला रान मोकळं मिळालं. मी नियम मोडून मसाल्याचा अख्खा डबा ओतला. मी त्या ओठाचं वर्णन केलं, मी हरवलेल्या मिशीची जाहिरात वाचली, मी मासळीबाजारातल्या लिलावासारखी ती विकायला काढली आणि अर्बाबच्या आवाजात बोली लावली. मी विचारलं, कुणाचं लग्न आहे, नवरदेव इतका चिकणा का झालाय. आणि बाबा हसले. आधी नाकातून, मग खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी मनगटाने ते पुसलं. मी आणखी चेकाळले. वादी कबीर येईपर्यंत माझं पोट दुखत होतं ते हसून. ते म्हणाले, "रोज तेच तेच बघून तू कंटाळली असशील, म्हटलं आज काहीतरी नवीन देऊ." तो पेपर मी शेवटच्या घंटेपर्यंत लिहिला आणि एकदाही खिडकीकडे बघितलं नाही.

किस्सा इथे संपतो. इथे मी पाणी मागते.

शेवटचा पेपर झाला तेव्हा मी फाटकातून नाचत बाहेर आले. गाडीत बसता बसता म्हटलं, "चला, पहिल्यांदा आबांना फोन. शुक्रवारपर्यंत कोण थांबतंय." बाबांनी गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि सरळ समोर बघत, जणू रस्त्यावर काय आहे ते मला सांगत असल्यासारखं, सांगितलं. आबा गेले. कधी गेले ते सांगितलं. काकाने सगळं केलं. दहाव्याला त्यांनी स्वतः मुंडन करायला हवं होतं, पण ते माझ्या लक्षात आलं असतं, म्हणून नुसती मिशी.

मला रडू आलं नाही. मला पहिल्यांदा राग आला. म्हटलं, "मी हसत होते. तुम्ही मला हसू दिलंत."

"बरं वाटलं," बाबा म्हणाले.

"काय बरं वाटलं?"

"हसलीस ते. त्या गाडीत तेवढंच होतं." मग किल्ली फिरवून म्हणाले, "तू रस्ता सांगत होतीस ना, मीही तेवढाच बघत होतो. नाहीतर मी गाडी कुठे घातली असती कोण जाणे."

हे त्यांनी माझं ओझं हलकं करायला सांगितलं की खरंच तसं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खरं असेल तर बरंच आहे. पण आठवण येते ती त्या विमानाच्या सावलीची, आणि ती मी ज्या उत्साहाने मोठ्याने सांगितली त्या उत्साहाची, आणि मग रस्त्यात कुठेही असले तरी माझे कान गरम होतात.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. काकाने बाबांच्या हातातून बॅग घेतली आणि तो पुढे चालू लागला. घरातलं सगळं जागच्या जागी होतं, फक्त आबांची खुर्ची कुणीतरी पडवीतून आत नेऊन ठेवली होती. दुपारी पानं मांडली तेव्हा काका भाताचा ढीग फोडत म्हणाला, "सरणाची लाकडंसुद्धा मी एकट्याने आणली. मोठा मुलगा आहे म्हणे घराला." मी पाटावर बसल्या बसल्या म्हणायला लागले, "काका, बाबा माझ्यामुळे..." पण बाबांनी मला बोलूच दिलं नाही. ते पटकन म्हणाले, "रजा मिळाली नाही. अर्बाबने पासपोर्टच दिला नाही. गल्फमध्ये असंच असतं, तुला काय कळणार."

झालं. सगळ्या घराला एक तोंड मिळालं. काका एकदम मऊ झाला, त्याने भावाच्या पानात स्वतःच्या हाताने आंबा ठेवला. काकू म्हणाली, कसले हो दगडाच्या काळजाचे लोक. आजीने पदर तोंडाला लावून त्या अर्बाबला असे काही शिव्याशाप दिले की मला वाटलं तिकडे बरकाला त्याला ठसका लागेल. आई पानात खाली बघत होती. बाबा जेवत होते. चार दिवस हेच चाललं. शेजारीपाजारी भेटायला येत आणि अर्बाबच्या सात पिढ्या उद्धरून जात. आणि आजी रोज जेवणानंतर हलवा खायची, तपकिरी, तुपाने थबथबलेला, वेलची आणि गुलाबपाण्याच्या वासाचा, बरकाच्या जुन्या दुकानातला. निघताना अर्बाबने तो डबा बाबांच्या हातात दिला होता आणि म्हणाला होता, "माँ के लिये." बाबांनी घरी सांगितलं, विमानतळावर घेतला.

पाचव्या दिवशी दुपारी आजी आणि मी पडवीत होतो. ती सुपात सुकट निवडत होती, मी तिच्या शेजारी पाय पसरून बसले होते. बाबा आणि काका अंगणात आंब्याच्या पेट्या ठोकत होते, ऐकू येईल इतक्या अंतरावर. आजीने विचारलं, "तू बघलंस काय गो त्या मेल्या अर्बाबाक?"

"बघितलाय."

"कसो आसा?"

माझ्यासारख्या मुलीला ही केवढी मोठी संधी होती. अंगणात बाबांचा हातोडा थांबला होता. मी राक्षस उभा केला असता तर आजी खूश झाली असती, काका खूश झाला असता, आणि बाबाही सुटले असते. पण मला तोंड उघडल्यावर तो सवयीने जसा आहे तसाच दिसायला लागला. मी म्हटलं, "म्हातारा आहे. पांढरी दाढी, आखूड. डाव्या पायाने जरा ओढत चालतो. दुकानात आला की पहिल्यांदा बाबांना विचारतो, जेवलास का. त्याच्या खिशात माझ्यासाठी गोळ्या असतात, त्यांना अत्तराचा वास येतो म्हणून मी खात नाही, पण तो देतो. माझ्या पेपराच्या दिवशी तो बाबांऐवजी स्वतः दुकान उघडायचा. बाबांची खुर्ची पुसून ठेवायचा."

आजीचा हात सुपात थांबला. ती अंगणाकडे बघत राहिली. बाबांनी खिळा दातांत धरला होता आणि पाठ वळवली होती.

"चांगलो मनीस दिसता," आजी म्हणाली.

"हो."

"मगे रजा कोणी देऊक नाय?"

मी म्हटलं, "मी, आजी."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि मला बाजूलाही केलं नाही. सुकटीतला एक खडा बोटांनी उचलून अंगणात फेकला, आणखी एक शोधला, तोही फेकला. काका हातात हातोडा धरून तसाच उभा होता. मग आजी आत वळून काकूला म्हणाली, डबा आण. डबा आला. तिने हलव्याचा एक तुकडा तोडला, चघळत बसली, आणि मग बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात, मला म्हणाली, "त्या अर्बाबाक सांग, पुढच्या खेपेक तूप थोडा कमी घाल म्हणान."